ओदिलची लाल गाडी

धुळाजी मिस्तरीएवढा हट्टी माणूस अख्ख्या अंकुशनगरात न्हाई. माझं पंक्चरचं दुकान त्याच्या गॅरेजला चिकटून, म्हणून त्याच्या बापाच्या मेंढरांचं पुराण मलाच रोज ऐकावं लागतं. बाप दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू घ्यायच्या आधी त्याला मोकळं सोडायचा अन् जुन्या मालकाचं नाव मोठ्यानं घ्यायचा. मेंढरानं मान वळवली की सौदा रद्द. धुळाजी हेच जुन्या गाड्यांना करायचा! इंजिन चालू, बोनेटवर हात, अन् कागदावरच्या जुन्या मालकाला हाक. इंजिन अडखळलं की गाडी नको. त्या वेळी गाडीत माणूस बसलेला नको, एवढाच नियम. मी लई हसायचो.

मागच्या चैत्रात इथल्या बड्या बागायतदार काकासाहेबांनी दोन फ्रेंच गाड्या आणल्या. पाँडिचेरीच्या विक्रेत्यानं पसंतीला धाडलेल्या. एक ठेवायची, एक परत. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात चालवणार त्यांची एकुलती एक पोरगी, तृप्ती.

"धुळाजी, पोरीच्या जिवाचा सवाल हाये. बराबर पाहून सांग," काकासाहेब म्हणाले.

त्यानं दोन दिवस घेतले. पांढरी रेनो फाइव्ह जीटी टर्बो. ॲक्सिलरेटर दाबला की आधी गप्प, मंग एकदम उधळते. तापली की पुन्हा चालू व्हायला नखरे. पण जशी कारखान्यातून निघाली तशीच, एक नट बदललेला न्हाई. लाल प्युजो दोनशेपाच हलकी, पाय टेकवायचा अवकाश की पळते. संग्राहक हिच्यावर जास्ती जीव टाकतात म्हणे. खोड एकच, वळणावर घाबरून पाय उचलला की मागून गर्रकन फिरते.

मंग हाका. रेनोला "आंद्रे!" म्हणाला. काही न्हाई. प्युजोत तृप्ती बसून होती, डावीकडचं स्टेअरिंग धरून, खुशीत.

"उतर बाई," धुळाजी म्हणाला. ती उतरेना. ऊन टाळू भाजून राह्यलं होतं, माझं डोकं फिरलं.

"अरे मार की हाक! काय नाटकं लावली? जल्दी कर!"

मीच बोललो हे. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

धुळाजीनं कागदावर जुन्या मालकिणीचं नाव पाह्यलं. "ओदिल!"

इंजिन जरा बी अडखळलं न्हाई. तृप्तीनं मान वळवली.

"हां?" ती म्हणाली.

तो कागद तिनं पाह्यलेलाच न्हव्हता. काकासाहेब हसले, मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. धुळाजीनं मात्र हात जोडले. "रेनो ठेवा मालक, पाया पडतो." पण पोरीनं स्टेअरिंग सोडलं न्हाई, अन् पोरीपुढं काकासाहेबांचं काय चालतं?

फाटकातून गाडी काढताना घाबरणारी पोरगी आता अंबड रोडची वळणं पाय न उचलता घेऊ लागली. दोन महिने काकासाहेबांची छाती फुगलेली. मंग एका दुपारी ते गॅरेजात आले. अर्धे झालेले.

"धुळाजी, तू हाक मार तिला. माझ्या हाकेला ती ओ देईना रे."

आम्ही दोघं त्यांच्यासंग गेलो. धुळाजी फाटकाशी उभा राहून ओरडला, "तृप्ती! ए तृप्ती!" घसा बसेस्तोवर ओरडला.

ती अंगणात गाडी पुसत होती. फडकं ठेवून आमच्याकडं आली, लई अदबीनं.

"कोणाला शोधून राह्यले, काका? इथं त्या नावाचं कोणी न्हाई."

काकासाहेब आमच्या शेजारीच उभे होते. तिनं त्यांच्याकडं बी पाह्यलं.

"तुम्ही यांच्यासंगच आलात का?"