माझ्या नावावर लागलेलं त्याचं मत

पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही रत्नागिरीत मॅट्रिकच्या वर्गात होतो. त्या आठवड्यात वर्गात जी धमाल उडाली ती आठवली की आज चाळिशी उलटल्यावरही मला स्वस्थ बसवत नाही. कारण अगदी साधं होतं. पुण्याहून नव्यानेच आलेल्या इंग्रजीच्या सरांनी आम्हाला विचारलं, "नेमलेली कादंबरी तुम्हाला कशी वाटली?"

कशी वाटली! हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नेमलेलं पुस्तक पाठ करायचं असतं एवढंच आम्हाला ठाऊक. मत म्हणजे गाइडच्या शेवटच्या पानावर छापलेलं असतं ते.

"गाइड मिटा," सर म्हणाले. "सोमवारी प्रत्येकाने एक पान इंग्रजीत लिहून आणायचं. मत तुमचं हवं. सगळ्यात चांगलं ठरेल ते शाळेच्या हस्तलिखित मासिकात घेऊ."

चार दिवस दुसरा विषय नव्हता. कादंबरी एका जहाजाच्या कप्तानाची होती. तो वादळात सापडतो, किनारा दिसताच सगळे खलाशी आनंदाने ओरडतात, आणि घरी परतल्यावर कप्तान बायकामुलांना वादळाची हकिकत सांगत बसतो. मधल्या सुट्टीत विहिरीपाशी आमची जुंपायची.

"नायिका काय करते? अठरा वेळा बेशुद्ध पडते. मी मोजलंय!"

"तुला पाण्याचा हबका मारायला बोलवायला हवं होतं!"

"आणि तो बेटावर कच्ची फळं खातो नि पोट दुखत नाही? आमच्या बागेत येऊन चार कैऱ्या खाऊन दाखव म्हणावं!"

मी मात्र नुसता ऐकायचो. वर्गात इंग्रजी माझं सगळ्यात चांगलं, पण मला मतच नव्हतं. पुस्तक तीनदा वाचलं तरी मनात उमटे ते गाइडमधलंच.

माझा बाकावरचा सोबती जयगडचा. वडील गलबतावर तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तानच. हा शिकायला आत्याकडे राहिला होता. त्याचं इंग्रजी कच्चं होतं. आमच्यात तेव्हा रीतच होती: ज्याला इंग्रजी जमत नसे त्याने मराठीत सांगायचं आणि जमणाऱ्याने उतरवून द्यायचं. शनिवारी संध्याकाळी बंदरावर बसून तो सांगू लागला आणि मी लिहू लागलो.

"लिही. हा लिहिणारा कधी बोटीत बसलेलाच नाय. वारा जमिनीकडे ढकलत असताना जमीन दिसली तर खलाशी हसतो काय? रडतो! आता खडकावर आपटणार म्हणून. वादळात तांडेल खोल पाणी धरून राहतो."

"पुढे?"

"आणि वादळातून घरी आल्यावर कोण बडबडत नाय. माझा बापूस आला की तीन दिवस कुणाशी बोलत नाय. आये नुसतं ताट पुढे सरकवते."

 कादंबरीविषयी असंही बोलता येतं! मी भराभर इंग्रजीत उतरवत गेलो आणि माझं इंग्रजीही त्या दिवशी कधी नव्हे इतकं सरळ आलं. घरी पोचेपर्यंत मी हरखून गेलो होतो. आणि घरी पोचल्यावर मी ते पान माझं केलं. स्वच्छ अक्षरात उतरवून खाली माझं नाव घातलं. त्याच्यासाठी दुसऱ्या कागदावर गाइडमधल्या पाच ओळी लिहिल्या: भाषाशैली भारदस्त आहे, बोध उदात्त आहे, वगैरे. सोमवारी त्याने न वाचताच सही केली. "तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार," म्हणाला.

सरांनी आधी त्याचा कागद वाचला. "हे सरळ गाइडमधून उचललंय. जयगडचा मुलगा, आणि समुद्राविषयी तुला एवढंच म्हणायचं आहे? लाज वाटायला हवी."

तो उभा होता. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मग सरांनी माझा कागद उचलला. वाचता वाचता त्यांचा आवाज चढत गेला. वर्ग कान टवकारून ऐकत होता. आणि सरांनी वाचलं, "माझे वडील वादळातून घरी आले की तीन दिवस कोणाशी बोलत नाहीत."

उतरवण्याच्या भरात मी ते वाक्य बदललंच नव्हतं. माझे वडील कोर्टात कारकून.

"याचे वडील?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "ते तर भाट्याची खाडी ओलांडताना डोळे मिटून बसतात!"

वर्ग हसून लोळायच्या बेतात. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाचे वडील हे?"

मी वहीत डोकं खुपसलं. तेव्हा तोच उठला, नुकताच बोलणी खाल्लेला.

"सर, बापूस माझा. 'माझे वडील' असं लिही म्हणून मीच सांगितलं, म्हणजे खरं वाटेल. मत त्याचंच हाय."

मी उठलो नाही. पान हस्तलिखितात माझ्या नावावर लागलं. घरी जाताना तो एवढंच म्हणाला, "मेल्या, सांगितलं असतंस तर दिलं असतं की."

मॅट्रिकनंतर तो बोटीवर गेला. मी बी.ए. होऊन त्याच शाळेत इंग्रजी शिकवू लागलो. ते हस्तलिखित वर्गाच्या कपाटात होतं. दर वर्षी मी मुलांना ते मत ऐकवायचो आणि मुलं माझ्याकडे आदराने पाहायची. पंधरा वर्षं हे चाललं. मग तीच कादंबरी पुन्हा नेमली गेली, आणि त्याच वर्षी शिमग्याला तो गावी निघाला असताना बंदरावर भेटला. आता मोठ्या बोटीचं सुकाणू धरणारा सुकाणी झाला होता. मी तिथेच, लोकांच्या गर्दीत, सगळं कबूल केलं. मुलांना अजून तेच ऐकवतो हेही सांगितलं.

"अजून?" तो मोठ्याने हसला. "अरे, चुकलं होतं ते!"

"काय चुकलं?"

"एकदा असेच सापडलो. वारा जमिनीकडे रेटत होता. खडक दिसले. मरणार हे ठाऊक होतं, आणि मला आनंद झाला! जमीन दिसली म्हणून. आम्ही सगळे ओरडलो. लिहिणाऱ्याला ते बरोबर ठाऊक होतं." मग म्हणाला, "नंतर लाज वाटली. घरी येऊन दोन दिवस बोललो नाय. बापूस का गप्प असायचा ते तेव्हा कळलं."

बंदरावरून मी जवळजवळ धावतच घरी आलो. सुट्टी संपेपर्यंत धीर निघेना. शाळा उघडली तशी पहिल्याच तासाला कपाट उघडलं, ते पान वाचलं, आणि ते कुणाचं, माझ्या नावावर कसं लागलं, त्याने आता काय म्हटलं, सगळं मुलांना सांगितलं. त्यांच्यादेखत माझं नाव खोडून त्याचं घातलं. मग वर्गात असा काही गलका झाला! खलाशी हसेल की रडेल यावरून दोन तट पडले. बाजूच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "पण सर, मग तुमचं मत कुठलं?"

"गाइडमधलं," मी म्हणालो.

मुलं खो खो हसली. मलाही हसू आलं. मी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणालो, "पुस्तक उघडा. पान पहिलं. मीही आजच वाचायला बसतोय."