आईचा नवस आणि पिशवीतली होडी

माझी होडी पिशवीत मावते, असं सांगितलं की समोरचा आधी पिशवीकडे बघतो आणि मग माझ्याकडे, जरा काळजीने. गुहागरच्या एसटीत कंडक्टरने विचारलं होतं, तंबू आहे का? होडी म्हटल्यावर त्याने मुकाट सामानाचं तिकीट फाडलं आणि पुढे जाऊन ड्रायव्हरला सांगून आला. पुढचा सगळा रस्ता ड्रायव्हर आरशातून मला बघत होता. बघेना का. निवृत्त झाल्यावर लोक सोनं घेतात, गुडघे बदलून घेतात, मी घडीची कयाक घेतली. रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अख्खी होडी ठेवायची कुठे? हिच्या नळ्या एकमेकींत बसवायच्या, वरून जाड कापड ताणायचं, की दोन माणसांची होडी तयार. दापोलीकडच्या खाड्यांतही मी ती एसटीने नेऊन आणली.

पण घेतली तेव्हाच मनात एक काम होतं, आणि ते आईचं होतं.

आईच्या माहेरच्या खाडीत एक लहानसं बेट आहे आणि त्यावर देवीची घुमटी. त्या देवीला आई फार पूर्वी ओटीचा नवस बोलली होती. नवस फळला, म्हणजे फेडायला हवा, तोही स्वतः जाऊन. पूर्वी बेटावरून तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, जायची. खाडीवर पूल झाला तेव्हा ती बंद पडली, मग गाळ साचत गेला. आता बोटीचा पंखा चिखलात रुततो, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. आई ऐंशीच्या पुढे गेली आणि रोज दिवा लावताना म्हणू लागली, हे डोक्यावर घेऊनच जायची मी.

नवस कसला ते मात्र सांगायची नाही. फिटेपर्यंत सांगायचा नसतो म्हणे. मी विचारलंही नाही, कारण मला ठाऊक होतं. भाऊ मुंबईत नोकरीवाचून फिरत होता आणि मी घाटावर सासरी होते, त्या वर्षांतला हा नवस. म्हणजे भावासाठीच. आमच्याकडे उपास भावासाठी, जप भावासाठी, तव्यावरची गरम भाकरीसुद्धा भावाला. पुढे मी सासर सोडून कायमची परत आले, तेव्हा बाबांनी कितीतरी दिवस अबोला धरला. आई बरंही बोलली नाही आणि वाईटही नाही, नुसतं ताट वाढलं. ते मला अजून लागतं. तरी ही ओटी मीच भरवून आणणार, असं ठरवलं होतं. भाऊ फोनवर म्हणाला, आईला त्या छत्रीत बसवून बुडवतेस की काय? मी म्हटलं, मग ये आणि खांद्यावरून ने. त्याने फोन ठेवला.

उधाणाची सकाळची भरती गाठायची म्हणून आम्ही पहिल्या एसटीने निघालो. धक्क्यावर मी पिशवी उघडली आणि बघे जमले. उंटावरच्या शहाण्यांना आमच्याकडे तोटा नाही. एक म्हणाला, कापड फाटेल. दुसरा म्हणाला, म्हातारीला कशाला छळता? मी नळ्या जोडत गेले आणि शेवटी एक नळी कमी भरली. पिशवी झटकली, पुन्हा मोजल्या. नाहीच. कण्याची नळी, तिच्याशिवाय होडी मधोमध मोडणार.

आई लाइफ जॅकेट घालून, ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अगो, ती होय? कपडे वाळत घालायची काठी मोडली ना, म्हणून घेतली मी. एवढ्यांतली एक कुठे कळणार होती तुला?"

रागवायलाही वेळ नव्हता. पाणी चढलं होतं, पण ते काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की बेटाभोवती नुसता चिखल. बघ्यांनी निकाल देऊन टाकला, आता पंधरा दिवसांनी, पुढच्या उधाणाला या. पुढच्या उधाणाला! आईकडे अशी किती उधाणं उरली होती? मी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या वेताच्या काठीकडे.

"आई, काठी दे."

"मग मी चालू कशी?"

"मला धरून."

काठी बसली. तिची वाकडी मूठ तेवढी आत जाईना, ती सुतळीने करकचून आवळली. छळता म्हणणाऱ्यानेच आईला अलगद उचलून पुढच्या जागेवर बसवलं.

वारा समोरून होता आणि काठीमुळे होडी सारखी डावीकडे ओढत होती. मी उजव्या हाताला कमी आणि डाव्याला जास्त जोर लावत राहिले. खांदे भरून आले, पण थांबले असते तर वाऱ्याने मागे नेलं असतं. आईने दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. अर्ध्या वाटेवर तिने एक हात सोडला आणि पाण्यात बुडवला.

बेटावर ती माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून घुमटीपर्यंत आली. देवीला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ, खण, नारळ घालून ओटी भरली, बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मी म्हटलं, झालं ना? लागली हो तुझ्या लेकाला नोकरी, फिटलं एकदाचं.

आईने माझ्याकडे खुळीकडे बघावं तसं बघितलं.

"त्याला काय धाड भरली होती? नवस तुझा होता. सगळे म्हणत होते, तिचं तिकडे बस्तान बसू दे. मी देवीला म्हटलं, माझी पोर मला परत दे."

इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, फिटल्याशिवाय सांगतात का? मग मी रडले, मोठ्याने, लहान मुलीसारखी. तिने थोडा वेळ रडू दिलं. काठी नव्हतीच तिच्याकडे, त्यामुळे माझा दंड काही तिने सोडला नाही. पाणी उतरायला लागलेलं तिनेच आधी पाहिलं.

"डोळे पूस," ती म्हणाली. "चल, घरी जाऊ."