दाट पाणी

पक्षाघातानंतर सरांना साधं पाणी चालत नव्हतं. गिळताना ते फुप्फुसात उतरायचं. म्हणून डॉक्टरांनी एक पावडर दिली होती. ती पाण्यात कालवायची आणि मधासारखं दाट झालं की चमच्यानं भरवायचं. पहिल्याच आठवड्यात काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, मला फोन आला. कधी गुठळ्या होतात, कधी पातळच राहतं, दाट म्हणजे किती दाट तेच समजत नाही, असं त्या सांगत होत्या.

मी गारखेड्याला त्यांच्या घरी गेले. द्रव कसे वाहतात, हेच तर सरांनी आम्हाला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तरुणपणी ते क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधायचे. पुढं त्यांनी या दोन विषयांची गाठ घातली. औषधातले स्फटिक सुईसारखे लांबट असले तर औषध बाटलीतून नीट ओतलं जात नाही, दाण्यासारखे असले तर सहज वाहतं. हे मोजून दाखवणारं काम त्यांनी विद्यापीठातल्या एका गळक्या खोलीत केलं, आणि बाहेरदेशातले लोक आजही त्याचा आधार घेतात. त्यांचे विद्यार्थी औषधांच्या, रंगांच्या कारखान्यांत आहेत. मी कॉलेजात शिकवते.

काकूंना मी एक सोपी चाचणी दाखवली. सुई नसलेल्या सिरिंजचं तोंड बोटानं दाबून तिच्यात ते पाणी भरायचं, मग बोट काढायचं आणि दहा सेकंदांत किती गळतं ते बघायचं. सर पलंगावरून बघत होते. बोलणं गेलं होतं. त्यांनी डाव्या हातानं पेन्सिल मागितली आणि वर्तमानपत्राच्या कडेला वाकडंतिकडं लिहिलं, ‘तापमान?’

मी फ्रिजमधलं पाणी घेतलं होतं. काकू रोज माठातलं घ्यायच्या. माठातलं घेऊन पुन्हा मोजलं तर ते बरंच पातळ निघालं. तापमान न लिहिता आकडा लिहिला की सर आमची वही परत करायचे. तीच चूक मी त्यांच्याच पाण्यात केली होती. मला मान वर करवेना.

मे महिन्यात एका दुपारी मी तिथं असताना सरांनी दाट पाण्याची वाटी ढकलली आणि माठाकडं बोट केलं. काकूंनी पुन्हा चमचा पुढं केला. सरांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा माठच दाखवला.

“साध्या पाण्याचे दोन चमचे दिले तर?” काकूंनी मला विचारलं.

मी नको म्हणाले.

“यांच्या आज्याला गावात पाणवठ्याला शिवू द्यायचे नाहीत, वरून वंजळीत पाणी ओतायचे,” त्या म्हणाल्या. “लई सोसलं आमच्या लोकांनी. अन् आता मीच यांना नाही म्हणायचं.”

पण त्यांनी दिलं नाही. सरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी काहीच घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांना ताप चढला. छातीत संसर्ग झाला होता. डॉक्टर म्हणाले, त्यांची स्वतःची लाळच श्वासनलिकेत जातेय, त्याला कुणाचा इलाज नाही. दवाखान्यात चौथ्या दिवशी सर गेले.

विभागातल्या शोकसभेत लांबून आलेली पत्रं वाचली गेली. सगळी त्यांच्या कामाबद्दल होती. नंतर घरी बुद्धवंदना झाली. लोक पांगल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या दिवशी पाणी दिलं असतं तर काय झालं असतं, असं त्यांनी विचारलं. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

“ते नको सांगू. आज तीच वेळ आली तर तू देशील का?”

मी म्हणाले, “नाही देणार, काकू. सरांनीही कुणाला दिलं नसतं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “तुम्हा सगळ्यांना त्यांनी असंच करून ठेवलंय.”

त्यांचा आवाज कोरडा होता. मी चप्पल घालून निघाले. त्यानंतर त्या घरी माझं फारसं जाणं झालं नाही.