टिश्यूच्या चार पुड्या आणि एक गवा

सिंगापुरात बारा वर्षं राहून काय शिकलास, असं कोणी विचारलं की मी क्लाउड आणि डेटा असलं काहीतरी भारदस्त सांगतो. खरं उत्तर वेगळं आहे. मी इथे जागा धरायला शिकलो.

वन-नॉर्थला आमच्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, दुपारी साडेबारा वाजता रिकामं टेबल मिळवणं हे प्रमोशन मिळवण्यापेक्षा अवघड. इथली रीत अशी, की टेबल दिसलं रे दिसलं की त्यावर टिश्यूची एक पुडी ठेवायची आणि खुशाल जेवणाच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. पुडी ठेवली की टेबल तुमचं. कोणी तिला हात लावत नाही. पंतप्रधान आले तरी ते दुसरं टेबल शोधतील, असा माझा समज आहे. आमच्या टीममध्ये हे खातं माझ्याकडे होतं आणि सलग सहा वर्षं मी ते निर्विवादपणे सांभाळलं. प्रमोशन दोनदा हुकलं, टेबल एकदाही नाही.

हे आधी सांगतोय, कारण याच कर्तबगारीच्या जोरावर मी फ्रान्समध्ये माझ्या सासूबाईंचं आयुष्यभराचं एक स्वप्न जवळजवळ बुडवलं.

सासूबाई मागच्या वर्षी तीन महिन्यांसाठी पासिर रिसला आमच्याकडे आल्या होत्या. नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे नवे. आमच्या मुलीला जूनची सुट्टी लागणार होती, म्हणून बायकोने युरोपचा विषय काढला आणि आईला विचारलं, तुला काय बघायचंय. आम्हाला वाटलं, पॅरिसचा मनोरा म्हणतील, नाहीतर बर्फ. त्या म्हणाल्या, गवा.

पाचवीच्या पुस्तकात अश्मयुगाचा धडा होता आणि त्यात फ्रान्समधल्या एका गुहेतल्या गव्याचं चित्र होतं. छपाई इतकी दिव्य, की गवा आणि शाईचा डाग यांच्यात फरक करणं कठीण. सासूबाई दरवर्षी तो गवा खडूने फळ्यावर काढायच्या. तीस वर्षं, दरवर्षी दोन तुकड्या, म्हणजे साठ गवे. एकदा खरा बघायचाय, एवढंच त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की हे काम माझं.

नैर्ऋत्य फ्रान्समधल्या एका खेड्यात आम्ही चार दिवसांसाठी दगडी घर घेतलं. गाव म्हणजे एक चर्च, एक पाववाला आणि बाकी सगळी शांतता. आजूबाजूला अक्रोडाच्या बागा, खाली संथ नदी, नदीवर झुकलेले पिवळट चुनखडीचे कडे. त्या कड्यांपैकी एकात गुहा. आत माणसांच्या श्वासानेही चित्रं खराब होतात, म्हणून दिवसाला मोजक्याच लोकांना सोडतात. तिकिटं ऑनलाइन नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी खिडकी, खिडकीसमोर लांबलचक लाकडी बाकं आणि बाकांवर एक ते सोळा आकडे रंगवलेले. सकाळी यायचं, आकड्यावर बसायचं, साडेनऊला खिडकी उघडली की सोळा जणांना तिकीट. सतरावा परत घरी.

बसायची जागा आकड्यांवर! मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी एकटाच गाडी घेऊन तिथे हजर झालो. एक आणि दोन नंबरवर एक म्हातारं जोडपं वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत बसलं होतं. मी त्यांना बोंजूर म्हटलं आणि तीन ते सहा या जागांवर सिंगापूरहून आणलेल्या टिश्यूच्या चार पुड्या ओळीने ठेवल्या. आजोबा चष्म्यावरून बघत राहिले. मला वाटलं, कौतुकाने बघतायत. शेजारी एक पाटी होती. तिचा फोटो काढून फोनला भाषांतर विचारलं, तर तो म्हणाला, प्रत्येकाने स्वतःच्या जागेवर बसावे. मी मनात म्हटलं, बसलोच की. पुडी बसली म्हणजे मी बसलो.

मग मी गावात परत आलो. सासूबाईंची अंघोळ, पूजा, चहा, चहावरचा चहा. मी त्यांना सारखं सांगत होतो, आई, अगदी निवांत, घाई नाही, जागा धरलीय.

नऊला पोचलो तेव्हा सोळाही आकड्यांवर सोळा जिवंत माणसं बसलेली होती. माझ्या चारही पुड्या खिडकीच्या कट्ट्यावर नीट रचून ठेवल्या होत्या. शेजारी एक हातमोजा आणि एका लहान मुलाची टोपी. हरवलेल्या वस्तूंचा तो कोपरा होता. खिडकीतल्या बाईंनी इंग्रजीत अतिशय सौजन्याने विचारलं, यातली तुमची कुठली?

मी म्हटलं, चारही.

मुलगी माझ्याकडे बघून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत हळूच म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट सिंगापूर, लाह."

बायकोने चारही पुड्या उचलून माझ्या हातात ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, असू द्या, बाहेरूनही छान दिसतं. ते 'छान' अजून माझ्या कानात आहे. आता दुसऱ्या दिवशीची एकच सकाळ उरली होती. दुपारी आमची गाडी पॅरिसला निघणार होती आणि परवा विमान.

भरपाई म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांना टेकडीवरचा पडका किल्ला दाखवायचं ठरवलं. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला कुठलाही किल्ला कुठून चढायचा हे उपजत कळतं, असं माझं मत होतं. वाटेवर बाणांच्या पाट्या होत्या, त्या मी पर्यटकांसाठी सोडून दिल्या. सासूबाईंना चर्चसमोरच्या सावलीत बसवलं आणि बायको-मुलीला घेऊन जवळच्या वाटेने निघालो. वीस मिनिटांत आम्ही एका शेतकरीण बाईंच्या परसात दोनशे बदकांच्या मधोमध उभे होतो. बदकं आम्हाला बघून एकजात ओरडायला लागली. बाईंनी कमरेवर हात ठेवून आम्हाला पाहिलं, मग किल्ला कुठे आहे ते हाताने दाखवलं. तो बरोबर आमच्या पाठीमागे होता.

किल्ला शेवटी पाहिला. वरून नदीचं वळण, कडे, अक्रोडांच्या रांगा, सगळं एका नजरेत दिसत होतं. मी बुरुजावर उभा राहून त्या कड्यात गुहा कुठे असेल ते शोधत होतो आणि खाली चर्चसमोर एक लहानसा जांभळा ठिपका शांत बसला होता. तो सासूबाईंचा स्वेटर.

संध्याकाळी त्यांनी सूत्रं हातात घेतली. शाळेच्या सहलीला निघताना सूचना देतात तशा त्यांनी सूचना दिल्या. सहाला बाकावर. पूजा आल्यावर. चहा थर्मासमध्ये. शेवटची सूचना माझ्याकडे बघून होती, जो उठेल त्याची जागा गेली.

सकाळी सहाला आम्ही पोचलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. सासूबाई एक नंबरवर बसल्या, दोनवर मुलगी, तीनवर बायको, चारवर मी. लाकूड दवाने ओलं आणि हवा बोचरी. थोड्या वेळाने कालचं म्हातारं जोडपं आलं. एक नंबरवर सासूबाईंना बघून आजोबांनी टोपी काढली, सासूबाईंनी त्यांना चकलीचा डबा पुढे केला. साडेआठपर्यंत बाक भरलं आणि चकल्या संपल्या. मी अडीच तास हललो नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. रस्त्याच्या कडेला एका शेताच्या फाटकासमोर एक गाडी उभी होती आणि तिच्यामागे एक ट्रॅक्टर खोळंबला होता. ट्रॅक्टरवाला बाकावरच्या एकेकाकडे बोट दाखवत खांदे उडवत होता. गाडी अर्थातच आमची होती. अंधुक उजेडात मला ते फाटक कुंपण वाटलं होतं.

मी उठलो. उठता उठता हात आपोआप खिशात गेला. बायकोने तो मनगटाशी धरला आणि म्हणाली, "अरे, खबरदार."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या थर्मासचं झाकण लावत होत्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही निघा. पण माझ्या जागेकडे बघायचं नाही."

गाडी हलवून आलो तेव्हा चार नंबरवर पिवळ्या कपड्यातला एक सायकलवाला बसला होता. तो मला बोंजूर म्हणाला.

साडेनऊला खिडकी उघडली आणि पहिलं तिकीट सासूबाईंच्या हातात पडलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. गुहेच्या तोंडापर्यंत खडी चढण होती. मी घडीचं स्टूल घेऊन मागे चाललो आणि दर पन्नास पावलांनी ते उघडून ठेवू लागलो. दोनदा त्या बसल्या. तिसऱ्यांदा स्टूल ठेवलं तर त्याला वळसा घालून पुढे गेल्या. वर गाइडबाईंनी सांगितलं, आत बॅगा चालत नाहीत. सगळ्यांनी आपापल्या बॅगा माझ्यापाशी ठेवल्या, सायकलवाल्यानेसुद्धा. ते सोळाही जण आत गेले आणि मी तेवढ्या सामानाचा राखणदार म्हणून कड्याला टेकून बसलो.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. गाइडबाईंनी दिवा एका बाजूने हळूहळू फिरवला आणि दगडातून एकदम गवा वर आला. पाठीचा उंचवटा, शिंगं, सगळं. सासूबाई एक पाऊल पुढे सरकल्या आणि त्यांचा हात वर गेला. गाइडबाई किंचाळल्याच, त्यांना वाटलं या भिंतीला हात लावणार. पण हात हवेतच फिरत होता. सासूबाई तिथल्या तिथे, बिनखडूचा, एकसष्टावा गवा काढत होत्या. आजी फळ्यावर गवा काढतेय, एवढं मुलीने इंग्रजीत सांगितल्यावर गाइडबाईंनी दिवा तसाच धरून ठेवला. आजीचं काढून होईपर्यंत.

अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या. उन्हाने डोळे बारीक केलेले, चेहरा लाल. मला वाटलं गुडघा दुखतोय. मी स्टूल उघडलं.

"तीस वर्षं मी त्याचं शेपूट चुकवलं हो," त्या म्हणाल्या. "खाली सोडलेलं काढायचे. ते वर उचललेलंय. चांगलं उभारून चाललाय तो." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग दोन्ही थांबेचनात. मला टिश्यू द्या, असं त्यांनी हातानेच खुणावलं.

मी खिशातून पुडी काढली. चारपैकी एकीचं तरी सार्थक झालं.

त्यांनी स्टुलावर बसून तिकिटाच्या पाठीमागे बॉलपेनने गवा काढला, शेपूट वर. आजोबांनी वाकून बघितलं आणि टाळी वाजवली. उतरताना सासूबाईंनी माझा हात धरला नाही. ज्याची त्याची बॅग परत देऊन मी आमच्या बॅगा आणि स्टूल घेऊन त्यांच्या मागून चाललो होतो.

सिंगापूरला परतल्यावर एका रविवारी आम्ही हौगांगच्या हॉकर सेंटरला गेलो. टेबल दिसताच मी सवयीने पुडी ठेवायला पुढे झालो. सासूबाई त्याआधीच तिथे बसल्या होत्या. तुम्ही आणा जेवण, मी बसते, म्हणाल्या.

मी चार ताटल्या तोलत परत आलो तेव्हा त्या नाशिकच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. गुहा, दिवा, शेपूट, सगळं सांगून झालं असावं. मग मला पाहून त्यांनी आवाज जरा चढवला.

"अगं, जावयामुळेच तर झालं. बाकावर जागा धरायची पद्धत त्यालाच ठाऊक."

मी ताटल्या ठेवल्या आणि काहीही दुरुस्ती केली नाही.