सतरंजीतली बंदूक

दुबईत सगळे सण शुक्रवारी यायचे. पंचांगात संक्रांत मंगळवारी असो की शनिवारी, करामा भागातल्या मराठी घरांत हळदी-कुंकू व्हायचं ते शुक्रवारीच, कारण सुट्टी तेवढी एकच. भोंडला, डोहाळजेवण, सत्यनारायण, सगळ्यांना शुक्रवारच्या रांगेत उभं राहावं लागे. सदानंद पोतनीसच्या सरळसोट आयुष्यात एकच भानगड झाली, ती या शुक्रवारामुळे. आता कोथरूडच्या गॅलरीत चहा घेताना तो ती इतक्या प्रेमाने सांगतो, की त्या दिवशी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सदानंद मूळचा सांगलीचा. कॉलेजात एनसीसीत होता आणि त्याचा नेम चांगला होता. पुढे नोकरी, लग्न, आणि एका चुलत मामाच्या ओळखीने दुबई. डेरा भागातल्या एका एअरकंडिशनिंगच्या कंपनीत तो अकाउंटंट होता. पगार यायचा आणि जायचा. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते सुरू झाले, लेकीची, ईशानीची, ऊद मेथ्यातल्या शाळेची फी होती. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नव्हती, सगळं त्याने आनंदाने केलं. फक्त स्वतःसाठी म्हणून त्याने इतक्या वर्षांत दाढीच्या ब्लेडपलीकडे काही घेतलं नव्हतं.

त्र्याण्णव सालच्या एका गुरुवारी संध्याकाळी तो डेर्‍याच्या जुन्या बाजारात पिकनिकची शेगडी घ्यायला गेला आणि हारुनभाईच्या दुकानात शिरला. तिथे ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामडी टोप्या होत्या, मासे धरायचे गळ होते, तंबू होते, आणि मागच्या भिंतीवर छर्‍याच्या बंदुका होत्या. सदानंद शेगडी विसरला. हारुनभाईने आधी एक जर्मन बंदूक त्याच्या हातात दिली. किंमत ऐकल्यावर सदानंदने ती दोन्ही हातांनी, तान्हं मूल परत द्यावं तशी, परत केली. मग हारुनभाईने सगळ्यात खालच्या फळीवरून एक चिनी बंदूक काढली. कुणीतरी वापरून विकलेली, लाकडी दस्त्यावर ओरखडे, तीनशे दिरहम.

"साब," हारुनभाई म्हणाला, "ये शेर मारने की चीज़ नहीं है. डब्बा मारने की है. लेकिन डब्बा बराबर मारेगी."

तीनशे दिरहम म्हणजे अडीच हजार रुपये, हे सदानंद दुकानातच मोठ्याने म्हणाला. ती सवय त्याला आणि दुबईतल्या यच्चयावत मराठी माणसांना होती. पण त्या दिवशी हिशोब करून झाल्यावर त्याने नेहमीसारखी मान हलवून वस्तू खाली ठेवली नाही. बयाणा देऊन आला.

बंदूक अशी सहजासहजी हातात पडणार नव्हती. शारजाच्या पलीकडे वाळूत एक नेमबाजीचा क्लब होता, त्याचं सभासदत्व हवं होतं, मग पोलिसांचा परवाना, आणि त्याआधी अर्थातच स्पॉन्सरची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या अरब मालकाची, एनओसी. दुबईत स्पॉन्सरच्या सहीशिवाय माणसाला शिंकही येत नसे. सदानंदचा स्पॉन्सर अहमद हा अघळपघळ, विनोदी गृहस्थ. त्याने अर्ज दोनदा वाचला. आपला अकाउंटंट, जो गेली सात वर्षं मान वर न करता आकडे लिहितो, तो बंदूक मागतोय हे त्याला पचेना. "सदानंद," तो म्हणाला, "हिसाब में गलती निकालूँ तो गोली तो नहीं मारेगा?" आणि हसत हसत यल्ला, खलास, म्हणजे चल, झालं, म्हणत त्याने सही ठोकली.

पोलीस आणि स्पॉन्सर पार पडले, पण खरा परवाना घरात होता. बायकोने, विभावरीने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती रागावली असती तर बरं, असं सदानंदला वाटलं. ती रागावली नाही, तिने अट घातली.

"ईशानीच्या मैत्रिणी इथे खेळायला येतात," ती म्हणाली. "घरात बंदूक आहे हे कळलं तर कुठली आई आपली पोर आपल्याकडे पाठवेल? तुम्ही आणा. पण एका माणसाला जरी कळलं, तरी ती दुसर्‍या दिवशी दुकानात परत गेली पाहिजे."

सदानंदने कबूल केलं. माणूस अशा वेळी काहीही कबूल करतो. प्रश्न होता तो ती न्यायची कशी याचा. क्लबाचा नियम असा की बंदूक रिकामी, झाकलेली, घरातून थेट क्लबात आणि क्लबातून थेट घरात. वाटेत थांबायचं नाही. आणि घर करामात, जिथे चार मजल्यांच्या बिल्डिंगीत प्रत्येक जिन्यावर कुणीतरी ओळखीचं भेटायचंच. बंदुकीची लांब पिशवी खांद्याला लावून तो बाहेर पडता तर संध्याकाळपर्यंत शारजातसुद्धा बातमी पोचली असती. शेवटी त्याला लग्नातल्या सोलापुरी सतरंज्या आठवल्या. जोडी होती, दोन्ही निळ्या-लाल पट्ट्यांच्या. एकीत बंदूक गुंडाळली, दोन्ही टोकांना नाडी बांधली, आणि परीटघडीचा सद्गृहस्थ सतरंजी काखेत मारून जिना उतरू लागला.

दीड वर्ष हे असंच चाललं. लोक विचारायचे, पिकनिक का? तो म्हणायचा, हो. डिसेंबरात ते ठीक होतं. पण जूनमध्ये, बाहेर भाजून निघेल अशा उन्हात, एकटा माणूस सतरंजी घेऊन पिकनिकला कसा जातो? मग बिल्डिंगीने आपला अर्थ लावला. पोतनीसांचं नवरा-बायकोचं पटत नाही, बिचारा सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी बागेत जाऊन झोपतो. हे विभावरीच्या कानावर आलं. तिला ते फार लागलं. पण खुलासा करायचा तर बंदूक सांगावी लागली असती, म्हणून ती मूग गिळून बसली.

आणि सदानंद? तो सुखात होता. सात दिवस तो त्या दीड तासासाठी काढायचा. स्वस्तातल्या बंदुकीच्या स्वस्तातल्या खोडी होत्या. ती नेहमी थोडं डावीकडे आणि खाली मारायची. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त इंग्रज इंजिनिअर बसायचा, त्याची बंदूक सदानंदच्या सहा महिन्यांच्या घरभाड्याइतकी महाग. तो म्हणायचा, ही बदल. सदानंदला बदलायची नव्हती. तिची खोड त्याला पाठ झाली होती. उजवीकडे किती सरकायचं, श्वास कुठे धरायचा, हे बोटांना कळत होतं. नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा बसवायचा, दस्ता गालाला लावायचा, आणि मग जगात फक्त समोरचा काळा ठिपका उरायचा. बिलं नाहीत, हप्ते नाहीत. त्या ठिपक्यासमोर आपण कुणाचे कुणीच नसतो, आणि तरी एकटं वाटत नाही, असं तो अजूनही सांगतो.

पंच्याण्णव सालचं संक्रांतीचं हळदी-कुंकू ऊद मेथ्याला अपर्णा सबनिसांकडे होतं. त्यांचा हॉल सगळ्यांत मोठा, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षही त्याच. बायकांना बसायला सतरंज्या हव्यात म्हणून त्यांनी ज्याच्या त्याच्याकडून मागवल्या होत्या. दुपारी त्यांची गाडी विभावरी आणि ईशानीला न्यायला आली. सदानंद त्याच वेळी क्लबाला निघालेला. दोन्ही गुंडाळ्या दाराशी ठेवलेल्या. एवढ्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला. भारतातून आलेला फोन कुणी ठेवत नसे. सदानंदने रिसीव्हर कानाला लावूनच नातुराला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, खूण केली, की एक या गाडीत, एक त्या गाडीत. नातुराने दोन्ही खांद्यावर टाकल्या आणि सांगितलेलं काम चोख केलं. फक्त कुठली कुठे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

क्लबातल्या टेबलावर सदानंदने नाडी सोडली. आत सतरंजी होती. त्याने ती पूर्ण उलगडली, झटकली, पुन्हा पाहिली. सतरंजीच होती. शेजारच्या इंग्रजाने विचारलं, की आज नमाज की झोप?

सदानंदने क्लबाच्या ऑफिसातून अपर्णाताईंच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिळगुळाच्या गलबल्यात कोण फोन ऐकणार? तो गाडीत बसला. छर्‍यांचा डबा त्याच्याच खिशात होता, म्हणजे इजा व्हायची नव्हती, एवढाच दिलासा. बाकी सगळं संपल्यात जमा होतं. परवान्यात नसलेल्या घरात त्याची बंदूक होती. कुणी घाबरून पोलिसांना फोन केला तर नोकरी, व्हिसा, ईशानीची शाळा, सगळं एका आठवड्यात गुंडाळून मुंबईचं विमान. आणि नाही केला, तरी बंदूक गेलीच. अट साफ होती. एका माणसाला कळलं तरी, असं ठरलं होतं, आणि इथे तर अख्खं महिला मंडळ होतं. खरं सांगायचं तर मक्तूम ब्रिजवर गाड्यांच्या रांगेत अडकल्यावर त्याला व्हिसापेक्षा बंदुकीचंच वाईट वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती.

अपर्णाताईंचं दार उघडं होतं. आत काळ्या साड्यांची गर्दी. गर्दीच्या मधोमध चौरंग, आणि चौरंगावर, हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी, त्याची बंदूक. दस्त्यापासून नळीपर्यंत तिच्यावर हळदी-कुंकवाची बोटं उमटली होती. कुणीतरी तिच्यापुढे तिळगुळाचे दोन लाडूसुद्धा ठेवले होते.

ईशानी धावत आली. "बाबा, आई पुट हळदी-कुंकू ऑन युवर गन," ती म्हणाली. "अँड देन एव्हरीवन डिड."

झालं होतं ते असं. दोघी-तिघींनी सतरंजी धरून झटक्यात उलगडली, तशी बंदूक फरशीवरून घरंगळत थेट चौरंगाच्या पायाशी जाऊन थांबली. एकीने लेकराला मागे ओढलं. एक म्हणाली, पोलिसांना कळवायला हवं. विभावरी तिळगुळाचं ताट हातात घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं, बंदूक उचलली, चौरंगावर आडवी ठेवली आणि तिला हळदी-कुंकू लावलं. म्हणाली, "आमच्या ह्यांची आहे. परवाना आहे. दसर्‍याला शस्त्राची पूजा राहून गेली होती, आज करून घेते." मग अपर्णाताई हसल्या, आणि अध्यक्षच हसल्यावर बाकीच्यांनाही इलाज उरला नाही.

सदानंदने बंदूक पुन्हा सतरंजीत गुंडाळली आणि तिघं घरी निघाले. गाडीत मागे ईशानी वाणात मिळालेल्या डब्या मोजत होती. शेवटी करामाच्या सिग्नलला त्याने विषय काढला. म्हणाला, चूक माझी आहे, अट मोडली, उद्या हारुनभाईकडे परत देऊन येतो.

"मला बायकांनी विचारलं," विभावरी म्हणाली, "की तुमचे मिस्टर नेमबाजी करतात म्हणजे नेमकं काय करतात? चांगले आहेत का? मला सांगता आलं नाही. अकरा वर्षं झाली लग्नाला. तुम्हाला भाजीत मीठ किती लागतं ते मी सांगू शकते. पण तुम्हाला येतं काय, ते मला लोकांना सांगता आलं नाही, अहो."

सदानंदला हे कुठल्याही रागावण्यापेक्षा जास्त लागलं. कारण त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. तिने लपवायला सांगितलं होतं ते शेजार्‍यांपासून. त्याने ते तिच्यापासूनही लपवलं होतं, आणि त्यात त्याला सुख वाटत होतं. सिग्नल हिरवा झाला तरी तो तसाच बसला होता. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा गाडी निघाली.

ईशानीच्या दोन मैत्रिणी त्यानंतर काही महिने खेळायला आल्या नाहीत. विभावरीची भीती काही अगदीच खोटी नव्हती. पण बंदूक हारुनभाईकडे गेली नाही. पुढच्या शुक्रवारी ती तिच्या स्वतःच्या लांब पिशवीत, उघड उघड, जिना उतरली. पुढे सदानंद, मागे थर्मास आणि चिवड्याचा डबा घेतलेली विभावरी, आणि तिच्या मागे गोष्टीचं पुस्तक घेतलेली ईशानी.

क्लबात विभावरी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसली. सदानंदने छर्रा बसवला, दस्ता गालाला लावला. मानेवर तिची नजर जाणवत होती. पहिला छर्रा काळ्या ठिपक्याबाहेर, पांढर्‍या कागदात गेला. दुसराही. तिसरा तर कागदालाही लागला नाही. इंग्रजाने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. दीड वर्षात इतका वाईट कागद सदानंदने कधी काढला नव्हता. तो कागद हातात घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. विभावरीने त्यावरची भोकं नीट न्याहाळली, एकेका भोकावर बोट ठेवून.

"हे चांगलं असतं का?" तिने विचारलं.

"नाही," सदानंद म्हणाला. "आज फार वाईट झालं."

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि थर्मासचं झाकण उघडलं.

"मग पुढच्या शुक्रवारी येऊ," ती म्हणाली.