सांदण, बिर्याणी नव्हे

अब्बांनी मासळीचा टेम्पो दोनदा धुतला, तरी माझ्या बॅगेला बांगड्याचा वास लागलाच. दापोलीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून मुंबईच्या विमानतळापर्यंत मी त्या टेम्पोत अब्बा आणि अम्मीच्या मध्ये बसून आले. अब्बा रस्ताभर एकच सांगत होते, पोहोचल्यावर फोन कर. आत जायची वेळ झाली तेव्हा अम्मीने माझी ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "भात खात जा गो. पावावर दिवस काढू नको." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. परदेशी निघालेल्या मुलीला काय सांगायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला जे ठाऊक होतं ते तिने सांगितलं.

भाताची काळजी नव्हती. नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यार्थी वसतिगृहात पहिल्याच सकाळी सामाईक स्वयंपाकघरातून नारळाच्या रसात शिजणाऱ्या भाताचा वास आला आणि मी दात घासता घासता दारात येऊन उभी राहिले. शेगडीपाशी हिदाया होती. मलेशियातल्या केलांतानची, मलय, माझ्याच विभागात पाण्याच्या इंजिनिअरिंगला. नाश्त्याला भात, वर तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, लाल मिरचीचं वाटण. तिने काही न विचारता दुसरं ताट काढलं. मी अम्मीला आम्हा दोघींचा फोटो पाठवला. अम्मीने विचारलं, "ही कुठल्या गावची गो आपल्यातली?"

मला हे नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. पण इथे आल्यावर मी मुसलमान आहे हे मला हिदायाजवळ जितकं साधं वाटलं तितकं कधीच वाटलं नव्हतं. रमजानात ती पहाटे दारावर टकटक करायची, मी उठेपर्यंत थांबायची आणि खजूर पुढे करायची. माझी नमाज चुकायची, तिची चुकायची नाही, पण त्यावर ती एक शब्द बोलली नाही. ईदला तिने माझे दोन्ही हात हातात घेऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागितली. त्यांच्यात तशीच रीत आहे. मी म्हटलं, "अगं, तू काय चुकलीस?" ती म्हणाली, "तुझं तूप संपवलं."

रमजानच्या आदल्या महिन्यात एकदा तिने तांदळाच्या पिठाचे वाफवलेले पांढरे मऊ गोळे केले होते. त्यांना ती आपम म्हणते. गेलेल्या माणसांच्या नावाने दुआ करायची आणि आपम शेजारीपाजारी वाटायचे. मी एक तोडला, जाळी पाहिली, आणि म्हणाले, "हे तर आमचं सांदण." आमच्याकडे ते ईदला आणि लग्नात होतं. कोकणातल्या मराठी माणसाला सांदण म्हटलं की फणसाचंच आठवतं. आमचं मात्र तांदळाचं, नारळाच्या रसातलं, नारळाच्या झाडाची ताडी, म्हणजे माडी, घालून फुगवलेलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. आमच्या विभागात पुण्याचा केतनदादा पीएचडी करतो. चांगला माणूस. गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवायला तोच माझ्यासोबत आला होता. एकदा आमच्याकडे जेवताना तो म्हणाला, "तुझं मराठी एकदम शुद्ध आहे गं. कुठे शिकलीस?"

मी हसून म्हटलं, "शाळेत." हे असं हसणं मला लहानपणापासून येतं. तो गेल्यावर हिदायाने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं. ती गोंधळली.

"पण तो तीच भाषा बोलतो ना?"

"हो."

"मग त्याला विचारलंस का, तो कुठे शिकला?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, तुमच्याकडे असं कुणी विचारत नाही का? ती म्हणाली, "मलय म्हणजे मुसलमान, हे आमच्याकडे कायद्यानेच ठरलेलं आहे. कुणी विचारत नाही." मग ताटं विसळता विसळता म्हणाली, "कुणाला विचारायचं असलं तरी विचारता येत नाही." मी फडकं घेऊन ताटं पुसायला लागले.

काही आठवड्यांनी अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या मराठी मंडळींचा स्नेहमेळावा ठरला. प्रत्येकाने आपल्या घरचा मराठी पदार्थ आणायचा होता. आयोजन करणाऱ्या वहिनींचा फोन आला.

"तू काय आणतेस?"

"सांदण. आम्ही ईदला करतो ते."

"अगं, मग बिर्याणीच आण ना. तुमच्याकडची बिर्याणी म्हणजे काय! फक्त व्हेज कर हं."

"आमच्या घरी बिर्याणी होत नाही, वहिनी. अम्मीला येतही नाही."

"बघ बाई, सगळ्यांना ओळखीचं असलेलं बरं असतं."

मी "बघते" म्हणून फोन ठेवला. मला जायचं होतं. दीड वर्षात माझ्या वयाच्या मुलींशी मी मराठीत पोटभर बोलले नव्हते. बिर्याणी नेली असती तर सगळे खूश झाले असते, आणि मी पुन्हा एकदा पाहुणी होऊन परत आले असते. सांदण नेलं तर कदाचित पुढचं बोलावणं येणार नव्हतं.

मी तांदूळ भिजत घातले. अम्मी व्हिडिओवर म्हणत राहिली, माडीशिवाय काय फुगायची नाहीत. सुपरमार्केटचं यीस्ट घातलं, पहिला घाणा चपटा झाला. हिदायाने पिठात मूठभर शिजलेला भात वाटून घातला, पातेलं हीटरजवळ ठेवलं, आणि टोकोतून, म्हणजे इथल्या आशियाई किराणा दुकानातून, जाड नारळाचा रस आणला. दुसरा घाणा फुगला. ट्रेनमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले, आणि खरं सांगते, दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

हॉलमध्ये टेबलावर प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी होती. माझ्या डब्यापुढे कुणीतरी 'ईद स्पेशल' लिहून ठेवलं होतं. मी ते खोडलं आणि 'सांदण, दापोली' लिहिलं. एक काका आले, एक खाल्लं, दुसरं घेतलं.

"वा. आणि मराठीही छान बोलतेस हं तू."

"तुम्हीपण छान बोलता, काका. कुठे शिकलात?"

"म्हणजे?" ते म्हणाले. "घरी."

"मीपण घरीच."

काका "बरोबर आहे" असं काहीसं पुटपुटून तिसरं सांदण न घेता निघून गेले. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "अगं, त्यांनी कौतुकच केलं ना तुझं?"

"हो वहिनी. मीही त्यांचं केलं."

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. नंतर माझ्या वयाची एक मुलगी डब्याशी आली आणि म्हणाली, आमच्या गुहागरला फणसाचं करतात, हे कशाने फुगतं? मी म्हटलं, खरं तर माडीने. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आम्ही दोघी हॉल बंद होईपर्यंत बोलत बसलो.

रात्री अम्मीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "डबा रिकामा झाला काय?" चार उरली होती, ती मी ट्रेनमध्ये खाल्ली.

तुमच्यापैकी जे गावी आहेत त्यांना वाटत असेल, ही पोर लांब जाऊन भांडायला शिकली. जे माझ्यासारखे इथे आले आहेत त्यांना वाटेल, एवढ्याशा गोष्टीवर काय लिहायचं. दोघांचंही खरं असेल. पण घर म्हणजे मला आत घेणारी जागा, असं मी आजवर समजत होते, आणि म्हणून दारात उभं राहून हसत होते. आता मला वाटतं, जिथे वाढायचं काम माझं असतं ते घर. भाषेच्या बाबतीतही मी यजमान आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल अवघडावं, मी पुष्कळ अवघडले.

परवा वहिनींनी ग्रूपवर पुढच्या मेळाव्याचा मेसेज टाकला. कोण काय आणणार? सगळ्यांत आधी मी लिहिलं: सांदण, आणि या वेळी सोबत मटणाचा रस्सा. मराठी घरात पाहुण्यांना कोरडं वाढत नाहीत.