नानाच्या टोपीतली धूळ

दिवेलागणीला बैलगाडी परत आली तेव्हा मी चुलीवर पेज ठेवली होती, तापातल्या माणसाला चालेल अशी पातळ. आमचा सालदार सुकदेव खाली उतरून दारातच थांबला. "अक्का... नाना गयात," एवढंच म्हणाला आणि हातातली पांढरी टोपी पुढे केली. मागे गाडीत उपरण्याखाली माझा भाऊ. चोपड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंतच सगळं आटपलं होतं. मी म्हणे विचारलं, "मग ही पेज कोण खाणार?" सून सांगते, मला आठवत नाही. दीड महिना झाला, अजून खरं वाटत नाही. सकाळी शेतात चालत-बोलत होता हो!

मी थोरली, पण सगळ्यांसारखी त्याला नानाच म्हणायची. धुळ्याला शेतकी खात्यात होता. त्याचं काम पानामागच्या कोळ्यांचं; कोळी म्हणजे खसखशीहून बारीक किडे, पान पिऊन टाकणारे. सुट्टी मिळाली की माझ्याकडे यायचा, कारण माझ्या बांधापलीकडे सातपुड्याचं जंगल लागतं. डोक्यावरची टोपी काढायची, उलटी धरायची, पान तिच्यात झटकायचं. पांढऱ्या कापडावर धूळ पडायची... आणि मग ती धूळ चालायला लागायची! मी चिडवायची, "सरकारनं धूळ बघायला ठेवलंय का रे तुला?" तो हसायचा आणि भिंग माझ्या डोळ्याला लावायचा.

यंदा पोळ्यानंतर पावसानं तोंड दाखवलं नाही. कपाशीची पानं कोळ्यांनी तांबडी पडू लागली, आणि महायुद्धामुळे फवारायला गंधक मिळेना. राखीला आला होता तेव्हा नानानं बांधावरच्या पळसाचं पान भिंगाखाली दाखवलं होतं. त्यावरही तसलेच कोळी. तो पुढे काही सांगत होता, तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी उठले. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले मी! वैरी पळसावर राहतो आणि कपाशीत उतरतो, असं मनाशी पक्कं केलं आणि आश्विनात बांधावरचे सातही पळस पाडले. शेत आम्हा दोघांचं. वाटलं, नाना पाठ थोपटेल.

दोनच दिवसांनी तो आला, अंगात हिवताप घेऊन. बांधावर पोचला आणि जागीच थबकला. "अक्का, बठ्ठा तोडी टाकात?" सातही खुंटांवरून नजर फिरवली आणि खोडावर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "पळसना कोळी कपाशीना कोळीस्ले खातस, अक्का. दूध उतू गयं तवय तेच सांगी ऱ्हायंतू."

मग उठला, टोपी काढली. आडव्या पडलेल्या फांद्यांची पानं अजून पुरती सुकली नव्हती. ती टोपीत झटकायची, वर तळहात धरायचा, कपाशीत जाऊन झाडांवर टोपी पालथी करायची. परत फांदीपाशी, परत कपाशीत. किती खेपा झाल्या, देव जाणे. आश्विनातलं ऊन, डोकं उघडं. मी बांधावरून ओरडत होते, "नाना, मेल्या, टोपी घाल डोक्यावर!" त्यानं मान न वळवता उत्तर दिलं, "टोपी मोकळी नई शे, अक्का. बठ्ठा जित्ता शेतस." जिवंत कोळ्यांनी भरली होती ती.

चौथ्या ओळीत तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. मेल्या म्हणाले मी त्याला. जीभ झडली कशी नाही माझी! घरात सुपं होती, टोपल्या होत्या. एक टोपली नेऊन दिली असती तर टोपी त्याच्या डोक्यावर राहिली असती... सुचलंच नाही. नुसती ओरडत राहिले.

आता कपाशी वेचणीला आली आहे. सगळं शेत तांबडं आहे, त्या चार ओळी तेवढ्या हिरव्या. नानाच्या टोपीमुळे की बांधाजवळच्या ओलीमुळे, मला कळत नाही. ज्याला विचारायचं तोच नाही.

टोपी ओसरीवरच्या खुंटीला आहे. परवा परीट धुणं न्यायला आला. टोपी मळलेली दिसली म्हणून त्यानं आपणहून हात घातला, तर मी घागर टाकून धावले.

"राहू दे रे बाबा," म्हटलं, "ती मोकळी नाही."